फिरकीवरचा अंगठा

रविवार, ४ फेब्रुवारी

आज व्याह्यांकडे जेवायला गेलो आणि तिथे एक थाप मारून आलो. साधीसुधी नाही, चांगली हातभर लांब.

झालं असं. जेवणानंतर व्याही, म्हणजे आमच्या टिकलीचे सासरे, मला त्यांच्या खोलीत घेऊन गेले. ते पाणीपुरवठ्यात मोठे इंजिनियर होते. निवृत्त झाल्यापासून तलावावर मासे धरायला जातात, तेही एकटेच. खोलीत भिंतीला काठ्या टेकवून ठेवलेल्या. त्यांचे एक मेहुणे बसले होते. ते मला म्हणाले, "तुमची गाडी शिकवायची शाळा आहे ना? म्हणजे जन्मभर दुसऱ्याच्या शेजारी बसायचं!" आणि हसले. वाईट हेतू नव्हता, पण माझे कान तापले. टिकली पाण्याचे ग्लास घेऊन दारात उभी होती. तोंडातून निघून गेलं, "जन्मभर कशाला? आमचेही छंद आहेत. मासे धरतो मी. लहानपणापासून."

व्याह्यांचा चेहरा उजळला. "कोणतं रीळ वापरता?"

टेबलावर एक मासिक उघडं पडलं होतं. त्यातला पहिला दिसला तो शब्द मी उचलला. "बेटकास्टिंग."

"अरे वा! म्हणजे मुरलेले आहात." त्यांनी एक काठी माझ्या हातात दिली. मी ती तोलून बघितल्यासारखं केलं आणि जाणकारासारखी मान डोलावली. मेहुणे गप्प बसले. त्या गप्प बसण्याची गोडी फार टिकली नाही, कारण व्याही म्हणाले, "मग मार्चअखेरीला आपण जाऊ. दोघंच. मला तुमच्याबरोबर निवांत वेळ हवाच होता."

मासा मी ताटाबाहेर फारसा पाहिलेला नाही. पोहायला येत नाही. टिकलीला हे दोन्ही माहीत आहे. तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. बापाची लाज वाटली असणार.

जावई नेहमीप्रमाणे शांत. जेवताना एक शब्द नाही. असा मुलगा मिळायला नशीब लागतं, असं येताना गाडीत मी हिला म्हणालोसुद्धा. ही खिडकीबाहेर बघत होती.

बुधवार, ७ फेब्रुवारी

मासेमारीच्या सामानाच्या दुकानात गेलो. ओळखीचं कोणी दिसू नये म्हणून दुपारची वेळ धरली, तर गल्ल्यावर माझीच जुनी विद्यार्थिनी! परीक्षेत तीनदा नापास झालेली. रिव्हर्स घेताना रडायची.

"सर, तुम्ही? मासे?"

मी म्हणालो, "आमच्या व्याह्यांना भेट द्यायचीय." एका थापेच्या पोटी दुसरी जन्मली.

बेटकास्टिंग रीळ मागितलं, तर ती एकेक विचारायला लागली. ते डाव्या हाताने दांडी फिरवतात की उजव्या? आमिष जड टाकतात की हलकं? मी ठोकून दिलं: उजव्या, हलकं. ती म्हणाली, "हलक्याला हे रीळ फार नखरे करतं, सर. यात दोरीची फिरकी मोकळी सुटते. अंगठ्याने आवरावी लागते, नाहीतर आमिष थांबतं आणि फिरकी फिरतच राहते. नवखं कोणी असेल तर दुसरं देते. त्यात गुंता होत नाही."

"छे छे, नवखे कुठले! मुरलेले आहेत."

"मग हे घ्या," असं म्हणून तिने कपाटातून काळं, चकचकीत, मुठीत मावणारं रीळ काढलं. एका बाजूला ब्रेकची चकती, दुसऱ्या बाजूला दांडीखाली एक छोटं बटण. हातात घेतल्यावर आवडलं, खोटं कशाला बोलू. काठीही घेतली. तिने विचारलं, "कागदात बांधून देऊ? भेटच आहे ना?" रंगीत कागदात बांधलेली काठी घेऊन भर रस्त्यातून घरी आलो.

शनिवार, १० फेब्रुवारी

बंद गिरणीच्या मागच्या मैदानावर मी मुलांना गाडी शिकवतो. तिथेच सकाळी शिकवणी सुरू व्हायच्या आत गेलो. गळ लावला नाही, दोरीच्या टोकाला नुसतं वजन बांधलं. रिळावरची कळ दाबली, अंगठा फिरकीवर ठेवला, काठी मागे नेली आणि जोरात पुढे झटकली.

वजन पायाशी पडलं. फिरकी मात्र गरगर फिरत राहिली आणि दोरी उसळून रिळातून बाहेर आली. सुगरणीने खाली मान घालावी असं घरटं तयार झालं. ते सोडवेपर्यंत पहिली शिकाऊ बाई येऊन उभी. पोक्त बाई, बँकेत आहेत. मी वळणं शिकवायला मांडलेल्या शंकूंच्या रांगेत मांडी घालून बसलेला, दोरी चष्म्यात अडकलेली. त्यांनी मैदानाभोवती नजर फिरवली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "सर, इथे मासे असतात?"

नंतर त्यांना गाडी शिकवताना मी नेहमीसारखा ओरडलो, "ब्रेक! ब्रेक दाबा!" आणि माझं मलाच ऐकवेना.

रविवार, ११ फेब्रुवारी

टिकली आली, दोन मोठ्या बॅगा घेऊन. जावई फिरतीवर गेलाय म्हणाली, काही दिवस राहीन. बरं झालं. घरात गडबड झाली की माझ्या रिळाकडे हिचं लक्ष जाणार नाही.

तिला म्हणालो, "सासऱ्यांना काही बोलली नाहीस ना माझ्याबद्दल?"

"नाही, बाबा."

"त्यांना कळलं तर तुझीच मान खाली जाईल."

ती म्हणाली, "माझ्या मानेची नका काळजी करू." समजूतदार आहे पोर.

रविवार, १८ फेब्रुवारी

दोरी फिरकीवर जेमतेम एका रात्रीची पाहुणी असते. रोज सकाळी फेकतो, रोज गुंता. आज टिकली बरोबर आली. घरात कोंडल्यासारखं होतं म्हणाली. मी फेकायचो आणि ती शंकूवर बसून गुंता सोडवायची. बोटं फार शांत आहेत तिची. माझ्यासारखी ओढाओढ करत नाही. अंगठ्याने फिरकी दाबून धरते, दांडी जराशी फिरवते आणि एकेक वेढा बाहेर काढते.

काम करता करता म्हणाली, "बाबा, सरळ सांगून टाका ना त्यांना, की येत नाही म्हणून."

"आता कसं सांगणार? एवढं बोलून बसलो सगळ्यांसमोर."

"हं," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर बोलून बसलं की नाही सांगता येत."

मग पुढचा वेढा सोडवायला लागली. बापाची कुचंबणा मुलीलाच कळते.

शनिवार, २४ फेब्रुवारी

हिने आज दोनदा विषय काढायचा प्रयत्न केला. मी चहा घेत होतो तेव्हा समोर येऊन बसली. "अहो, जरा बोलायचंय."

मला माहीत होतं काय ते. घरात बायका राबताहेत आणि हा माणूस या वयात मैदानात दोऱ्या फेकत फिरतोय, हेच. मी म्हणालो, "त्या विषयावर मला एक शब्द ऐकायचा नाहीये. मार्च संपला की सगळं थांबेल."

"असं आपोआप थांबत नसतं," ती म्हणाली.

"थांबेल. मी शब्द देतो."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी परीक्षेत नापास होणाऱ्याकडे बघतो. उठून आत गेली.

शनिवार, २ मार्च

व्याही कोणतं आमिष वापरतात ते कळावं म्हणून जावयाला फोन केला. निदान तेवढं तरी त्यांच्यासारखं असावं. त्याने उचलला. मी म्हणालो, टिकली इथे मजेत आहे, काळजी करू नका. तो म्हणाला, "बरं." आमिषाचं विचारलं, तर म्हणाला, "माहीत नाही." मी फिरतीबद्दल विचारणार, तेवढ्यात फोन ठेवला. कामात असेल. बायको इतके दिवस माहेरी असूनही चौकशांचा भडिमार नाही, संशय नाही. केवढा विश्वास!

जेवताना हे टिकलीला सांगितलं. तिचा घास हातातच राहिला. "तुम्ही त्याला फोन केलात?"

"आमिषासाठी."

ती उठून गॅलरीत गेली. हिने मला पायाने ढोसलं. का, ते कळलं नाही. रिळाची बोलणी जावयापर्यंत पोचवली म्हणून असेल.

रविवार, १० मार्च

आज जमलं! बऱ्यापैकी जमलं. दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे वजन जड घ्यायचं. दुसरी म्हणजे दांडीखालचं ते बटण इतकंच पिळायचं की काठी आडवी धरली तर वजन आपल्याच भाराने हळूहळू खाली यावं आणि जमिनीला टेकताच फिरकीही थांबावी. झटका द्यायचा नाही, काठी नुसती झोकायची. वजन दूर गिरणीच्या भिंतीपर्यंत गेलं. मी एकटाच टाळ्या वाजवत होतो.

संध्याकाळी घरामागच्या मोकळ्या जागेत टिकलीला दाखवायला बोलावलं. ती कॉम्प्युटरवर काहीतरी भरत बसली होती. हल्ली सतत तेच चालू असतं. आली, उभी राहिली, म्हणाली, "बाबा, मला तुमच्याशी जरा..."

"आधी हे बघ! मग बोल."

आणि फेकलं. अर्थातच गुंता. बघणारं माणूस समोर असलं की माझा अंगठा बिथरतो. मी चरफडत दोरी ओढत बसलो. वर बघतो तर ती आत गेलेली. राग आला मला. इतक्या दिवसांच्या कष्टांनंतर एक फेक बघायला थांबवत नाही मुलीला.

शनिवार, २३ मार्च

उद्या जायचंय. आजारी पडल्याचं कळवावं असं दिवसभर वाटत होतं. वाऱ्यावर ढकलता येईल का? हात दुखतोय म्हणता येईल का? लोकांना परीक्षेच्या आदल्या दिवशी मी सांगतो, "घाबरायचं काय त्यात, जास्तीत जास्त नापास व्हाल." कसलं बेअक्कल वाक्य आहे हे.

टिकलीने माझी पिशवी भरून दिली. टोपी, पाणी, डबा. मी म्हणालो, "फजिती झाली तर तुझ्या सासरी तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

ती हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच हसली, पण डोळे तसेच होते.

रविवार, २४ मार्च

घडलं तसं लिहितो.

तलावावर पोचलो तेव्हा पाणी निपचित होतं. व्याह्यांनी मला चांगली जागा दिली, मागे झाडाची फांदी नाही अशी. मी कळ दाबली, काठी मागे नेली आणि फेकली. आमिष जवळच डुबुक् करून पडलं आणि रिळातून दोरी फसफसून वर आली.

मी म्हणालो, "वारा उलटा आहे, साहेब."

व्याह्यांनी पाण्याकडे बघितलं. पाण्यावर एक सुरकुती नव्हती. ते म्हणाले, "वारा नाहीये, व्याहीबुवा." मग जवळ येऊन त्यांनी माझ्या हातातली काठी घेतली आणि गुंता बघत बघत म्हणाले, "त्या दिवशी खोलीत तुम्ही काठी उलटी धरली होतीत. हे रीळ काठीच्या वर असतं. तुमच्या हातात ते खाली लोंबत होतं."

पाण्यात उडी मारावीशी वाटली. पोहायला येत नाही ते बरंच, असंही मनात येऊन गेलं. म्हणालो, "मग तेव्हाच माझी फिरकी का नाही घेतलीत?"

"मेहुण्यासमोर? नाही. आणि मला तुम्ही यायला हवे होतात. माशांसाठी नव्हे." ते खाली दगडावर बसले. "आज बोलू, उद्या बोलू म्हणत होतो. घरात जमेना. फोनवर जमेना. तुम्ही मासे धरतो म्हणालात, तेव्हा वाटलं, चला, देवाने निमित्त दिलं. तिने सांगितलंच असेल तुम्हाला. पण मीही सांगायला पाहिजे."

"काय सांगितलं असेल?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा बघून त्यांच्या लक्षात आलं असावं. काठी त्यांनी बाजूला ठेवली.

"माझा मुलगा तिच्याशी बोलत नाही."

"तो मुळात कमीच बोलतो..."

"कमी नाही. बोलतच नाही. काही मनाविरुद्ध झालं की महिनामहिना गप्प. ती नोकरी सोडायला तयार नव्हती, तेव्हा गप्प. सोडली, तरी गप्प. ती विचारते, हा भिंतीकडे बघतो. ती वाढते, हा उठतो आणि दुसरं ताट घेतो. ती तापाने फणफणली होती, हा शेजारच्या खोलीत होता. आम्ही खालच्या मजल्यावर, आम्हाला सकाळी कळलं. वरून आवाज येतो तो तिच्या एकटीचा. माफ कर म्हणते. कशाबद्दल, ते तिलाही माहीत नसतं." ते थांबले. "मी त्याला खडसावलं, तर माझ्याशीही बोलणं बंद. फिरतीबिरती काही नाही. तो घरीच आहे. मीच तिला म्हटलं, पोरी, तू तुझ्या घरी जा, बाबांना सगळं सांग. म्हणाली, सांगते." मग हळूच विचारलं, "नाही सांगितलं तिने?"

काय सांगणार? ती सांगायला आली होती आणि मी म्हणालो होतो, आधी हे बघ.

व्याही म्हणाले, "मला तुमच्याकडे बघायची लाज वाटते."

तो माणूस माझी माफी मागत होता, आणि मला वाटत होतं, याने मला सरळ पाण्यात लोटून द्यावं. मी म्हणालो, "साहेब..."

"साहेब म्हणू नका हो."

काहीतरी करायचं म्हणून त्यांनी माझा गुंता सोडवला, बटण जरा पिळलं, काठी परत हातात दिली. "अंगठा उचलू नका. नुसता टेकवून ठेवा." मी फेकली. दोरी अंगठ्याखालून सरसरत गेली, दूरवर आमिष पडलं, मी फिरकी थांबवली. एक वेढाही सैल पडला नाही. पहिल्यांदाच नीट गेली. बघण्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं, माझंही नाही.

घरी आलो तेव्हा टिकली गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती. "काय बाबा, झाली फजिती?"

मी म्हणालो, "तुझ्या सासऱ्यांनी सांगितलं."

तिने हातातला टॉवेल घडी केला. उलगडला. परत घडी केला.

"तू मला..." मी सुरुवात केली आणि थांबलो. तू मला का नाही सांगितलंस, असं विचारणार होतो.

ती म्हणाली, "तुम्ही सगळ्यांना सांगत होतात ना, किती शांत जावई मिळाला म्हणून. गल्लीभर. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकत असेल. शांत माणसाबद्दल तक्रार कशी करायची?"

मग ती रडली. मीही रडलो, पण माझ्या रडण्याला काही किंमत नाही.

सोमवार, २५ मार्च

शिकवण्या रद्द केल्या. हिला विचारलं, "तुला कधीपासून ठाऊक होतं?"

"ती बॅगा घेऊन आली त्या दिवसापासून. दोन बॅगा, अहो. फिरतीच्या चार दिवसांसाठी कोणी छत्री नि रेनकोट आणतं का?"

"मला सांगायचंस."

"सांगायला बसले होते. तुम्ही म्हणालात, एक शब्द ऐकायचा नाहीये. मार्च संपला की थांबेल."

मला वाटलं होतं तू रिळाबद्दल बोलतेयस, असं तिला सांगितलं. तिने कपाळावर हात मारून घेतला. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

गुरुवार, २८ मार्च

टिकलीला तिच्या जुन्या कार्यालयातून बोलावणं आलंय. कॉम्प्युटरवर ती तेच भरत होती. तिने आधी हिला सांगितलं, मग मला. मी म्हणालो, छान. पुढे काय विचारावं ते कळेना. मुलीशी बोलायचं कसं, हे मला शिकाऊ माणसासारखं पहिल्यापासून जुळवावं लागतंय. विचारलं, "कोणत्या मजल्यावर आहे?" ती म्हणाली, "दुसऱ्या." एवढंच. पण ती उठून गेली नाही.

शनिवार, ३० मार्च

तिचं सामान आणायला गेलो. ती गाडीत म्हणाली, "बाबा, त्याला काही बोलू नका. तो उत्तर देणार नाही, आणि आपणच वेडे ठरतो. मी करून बघितलंय."

मी चार दिवस वाक्यं जुळवत होतो. ती सगळी गिळली.

व्याह्यांनी खोकी स्वतः बांधून खाली आणून ठेवली होती. विहीणबाई टिकलीचा हात धरून उभ्या होत्या, सोडत नव्हत्या. जावई जिन्यात होता. आम्ही पुस्तकांचं खोकं घेऊन आलो, तेव्हा तो भिंतीला चिकटून बाजूला झाला आणि आम्ही गेल्यावर वर निघून गेला. त्या शांतपणाचं मी गल्लीभर कौतुक केलं होतं.

या घरी येताना दर वेळी मी गाडीवरची शाळेची पाटी काढून डिकीत ठेवायचो. आज तशीच राहिली. शेजारचे लोक गॅलरीतून बघत होते, पाटी वाचत होते. टपावर पिवळी पाटी, मागच्या सीटवर संसाराची खोकी. व्याह्यांनी गाडीचं दार लावलं आणि खिडकीतून माझा खांदा दाबला. मी म्हणालो, "येत जा तुम्ही. आमच्याकडे." ते म्हणाले, "येऊ का?" आणि मान वळवली.

गल्लीच्या टोकाला टिकली म्हणाली, "बाबा, तुम्हाला एक सांगू?"

एरवी मी म्हणालो असतो, आधी हा चौक पार होऊ दे. आज म्हणालो, "सांग."

ती बोलायला लागली. पहिल्या महिन्यापासून. त्या तापाच्या दिवसाचं. एकटीने पाहिलेल्या एका सिनेमाचं. मध्येच हसली, मध्येच थांबली, पुन्हा बोलली. मी मध्ये तोडलं नाही, सल्ला दिला नाही, "मग तू काय म्हणालीस" एवढंच अधूनमधून विचारलं.

घराचं वळण आलं. ती बोलतच होती. मी वळण सोडून दिलं आणि गाडी सरळ घेतली.